सोनूबाईच्या दुधाची डिग्री

संघप्रियाला माणसं फार लवकर कळायची, आणि कळली की आवडेनाशी व्हायची. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ती अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होती. राजारामपुरीत जिन्याखालची एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामीच असे. मराठीचे सर स्वतःची कविता काढू लागले की ही घड्याळ बघायची. प्राचार्यांनी विज्ञान आणि अध्यात्म या विषयावर कुणा महाराजांचं भाषण ठेवलं, तेव्हा ही पहिल्या रांगेत बसून पेपर तपासत राहिली. गावाकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' बोलायची सवय तिनं विद्यापीठात गेल्या गेल्या जिभेवरून खरवडून काढली होती, आणि ती सवय दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकली की तिच्या कपाळाला बारीक आठी पडायची.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. खोलीत बसून ती सहामाहीचे पेपर तपासत होती. प्रश्न साधाच घातला होता. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो, मग लोखंडाचं जहाज का तरंगतं? बहुतेक पोरांनी लिहिलं होतं, जहाज हलके असते म्हणून. एकानं लिहिलं होतं, जहाजाला इंजिन असते म्हणून. तिनं त्याच्याखाली लाल शाईत लिहिलं, 'आणि इंजिन बंद पडल्यावर?' आणि भोपळा दिला. आर्किमिडीज नावाच्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वी जे कळलं, ते या पोरांना क्लासची फी भरूनही कळू नये, याचं तिला आता वाईटही वाटत नसे.

तेवढ्यात दारात शालूबाई येऊन उभी राहिली. शालूबाई म्हणजे गावाकडची शेजारीण. रोज सकाळी मेथी-पोकळ्याच्या पेंढ्या घेऊन कपिलतीर्थ मंडईत बसायची. माल लवकर खपला की कधीमधी इकडं डोकवायची.

"तुला कायबी कळलं न्हाई व्हय गं?" तिनं पाटी खाली ठेवत विचारलं.

"काय?"

"तुज्या आईचं दूध वतून दिलं की डेअरीत. गटारीत. समद्यांच्या म्होरं."

संघप्रियानं पेनाला टोपण लावलं. "कुणी?"

"कृष्णातनं. सेक्रेटरीनं. पानी घातलंय म्हणाला. डिग्रीच लागंना म्हणं."

दुधाला डिग्री लागणं म्हणजे काय, ते संघप्रियाला सांगायला नको होतं. डेअरीत दुधात एक काचेची नळी सोडतात, लॅक्टोमीटर. खालचा फुगा जड, वरची दांडी बारीक, दांडीवर आकडे. दूध बिनपाण्याचं असलं तर नळी वर उभी राहते. पाणी घातलं असलं तर खोल जाते आणि आकडा खाली येतो. त्या आकड्याला सगळा जिल्हा डिग्री म्हणतो.

"आन् लोक काय म्हणालीत म्हायती हाय का?" शालूबाईनं आवाज बारीक केला, पण डोळ्यांतली चमक काही बारीक झाली नाही. "म्हणालीत, सोनूबायच्या पोरीला डिग्री हाय, दुधाला न्हाई."

"तू होतीस तिथं?"

"व्हतो की. किटली घेऊन मागंच हुबा व्हतो."

"मग काही बोलली नाहीस?"

"मी काय बोलू बाई? मला रोज घालायचं असतंय दूध."

संघप्रियानं तिला पाणी दिलं आणि लवकर वाटेला लावलं. भाजीसारखी बातमीसुद्धा ताजी असतानाच विकायची, एवढंच या बाईला कळतं, असं तिच्या मनात आलं. ते काही फार अन्यायाचं नव्हतं.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेतून एक लॅक्टोमीटर, एक थर्मामीटर आणि उंच चंचुपात्रं तिनं मागून घेतली, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली आणि केएमटीची बस धरली.

गाव पंचगंगेच्या काठाला, शहरापासून बसच्या टप्प्यातलं. गावाच्या नदीकडच्या अंगाला बौद्धवस्ती होती. तिचं नाव कागदोपत्री कधीच बदललं होतं, गावाच्या तोंडात जुनंच राहिलं होतं. डेअरीची इमारत बांधायची ठरली तेव्हा गावातल्या कुणी आपली वीतभर जागा सोडली नाही, म्हणून ती वस्तीला खेटून पडक्या जागेत उभी राहिली. सोनूबाईच्या दारातून डेअरीची पाटी वाचता यायची.

आई रडत बसली असेल अशा समजुतीनं पोरगी आली होती. सोनूबाई गोठ्यात होती. गुडघ्यात चरवी धरून धार काढत होती, आणि म्हशीला शिव्या देत होती, म्हणजे तिचं बरं चाललं होतं. संघप्रियाचा बाप इचलकरंजीत मागावर कामाला होता. पाळी सुटली की आठवड्याला यायचा. घर, म्हैस आणि जीभ, तिन्ही सोनूबाईच चालवायची.

"शालीनं सांगितलं असंल," मान न वळवता ती म्हणाली. "तिला रातीचं जेवान पचलं नसतं, सांगितल्याबगर."

"दुधाचं काय करतेस आता?"

"वस्तीतली पोरं पित्यात. गालं वर आल्यात बग पोरांची."

"आई, तू पाणी घातलं होतंस?"

सोनूबाईनं धार थांबवली. पोरीकडं बघितलं. "पानी घालायचं असतं तर नदी दारात हाय. बादल्या वतल्या असत्या. आन् मग त्या कृष्णातच्या नळीला कळलं नसतं असं घातलं असतं. काम करायचं तर नीट करावं." परत धार सुरू केली. "त्यानं नळीकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं, आन् हसला. दाताला तंबाकू लागल्याली. मला दुधाचं कायबी वाटलं न्हाई. दूध सांजच्याला पुन्यांदा येतंय. त्या हसण्याची किळस आली."

संघप्रिया चुलीपाशी बसली आणि वर्गात विचारावेत तसे प्रश्न विचारू लागली. डिग्री कधीपासून कमी लागते? दिवाळीपासून. त्याआधी? त्याआधी कधी तक्रार नव्हती. दिवाळीनंतर काय बदललं? पेंड बदलली? वैरण बदलली?

"कायबी बदललं न्हाई. म्हस तीच, पेंड तीच." सोनूबाईनं चरवी आणून ठेवली. वर बोटभर फेस होता. "एवढंच झालं, की मी म्होरं उभा ऱ्हायला लागलो."

"कुठं?"

"रांगंत. आधी आपल्या वस्तीतल्या बाया सगळ्यात मागनं दूध घालायच्या. तसं काय कुठं लिहिल्यालं न्हाई, पर घालायच्या. गावातल्या पाक समद्या किटल्या झाल्या की मग आमी. थंडीत तिष्टत उभा ऱ्हायाचं. मग दिवाळीला मी म्हटलं, डेअरीपास्नं घर कुणाचं जवळ? माजं. धार पैली कुणाची निघती? माजी. मग मी का मागं? दुसऱ्या दिवशी जाऊन पयला नंबर लावला. दुधाचा फेस बसायच्या आत किटली फळीवर."

संघप्रिया हसली. कोडं सुटल्यावर यायचं तसं हसू. इतकं सोपं, आणि कुणाच्या डोक्यात येऊ नये.

"आई, ऐक. ती नळी दुधात कुठवर जाते? स्वतःच्या वजनाएवढं दूध बाजूला सारेपर्यंत. दूध जड असलं तर थोडं सारलं तरी तिचं भागतं, ती वर राहते. दूध हलकं असलं तर जास्त सारावं लागतं, ती खोल जाते. पाणी घातलं की दूध हलकं होतं, बरोबर. पण गरम दूधही हलकं असतं, कारण ते फुगलेलं असतं. फेसाचं दूधही हलकं, कारण त्यात हवा असते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे साय. साय पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तर वर येते. तुझ्या म्हशीच्या दुधाला अशी जाड साय, म्हणजे डिग्री आधीच काठावर. तू मागं उभी राहायचीस तेव्हा दूध गार व्हायचं, फेस बसायचा, डिग्री लागायची. आता थेट सडातून नळीखाली."

सोनूबाईनं हे सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे माजं दूध चांगलं हाय, ताजं हाय, म्हणून ते वाईट ठरलं?"

"हो. तसंच."

"मग ह्यात नवीन काय हाय?"

"नवीन हे, की कृष्णातला ते कळत नाही. बारावी नापास माणूस, हातात नळी दिली आणि बसवला स्टुलावर. त्याला समोर करून दाखवलं की कळेल."

सोनूबाई थोडा वेळ पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग चूल फुंकायला वाकली. "दाखीव," ती म्हणाली.

रविवारी सकाळी दोघी डेअरीवर गेल्या. थंडी मरणाची होती. नदीवरून धुकं येऊन इमारतीला चिकटलं होतं आणि सोनूबाईच्या किटलीतून वाफ निघत होती. मागं रांग लागली. शालूबाई होती, गावातली बायडाबाई होती, टोप्या आणि मफलर घातलेले बाप्ये होते. आत उंच स्टुलावर कृष्णात बसला होता. त्यानं नळी अशी धरली होती, की जणू ती त्याच्या आजोबांनी लढाईत मिळवलेली असावी.

"या म्याडम," तो म्हणाला. "आज आमची परीक्षा हाय वाटतं."

मागं दोघं-तिघं हसले. संघप्रियानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. असल्या हसण्याला वर्गात ती खडूही फेकून मारत नसे.

"तुमच्या पद्धतीनं डिग्री बघा आधी," ती म्हणाली.

कृष्णातनं नळी सोडली. नळी दुधात डुबकन गेली, थोडी नाचली आणि थांबली. त्यानं वाकून आकडा वाचला, मग सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. "चोवीस. अठ्ठावीसच्या खाली आपुन घेत न्हाई."

संघप्रियानं थर्मामीटर घातला. दूध अंगाएवढं गरम होतं. तिनं एका चंचुपात्रात थोडं दूध घेतलं, हापशाच्या गार पाण्याची बादली भरून आणली, आणि ते पात्र बादलीत उभं धरलं. वरचा फेस चमच्यानं काढून टाकला. रांगेतून कुरकुर सुरू झाली. बायडाबाईनं पुढं येऊन विचारलं, "हे काय करालीयास बाई?"

संघप्रियानं रात्रीचंच सगळं परत सांगितलं, जरा मोठ्यानं, फळ्यापुढं उभं असल्यासारखं. बायडाबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजे सायीचं दूध पातळ म्हण की."

"पातळ नाही हो. हलकं. पातळ वेगळं आणि हलकं वेगळं."

"आमास्नी दोनी सारकंच," बायडाबाई म्हणाली आणि आपल्या किटलीपाशी गेली.

दूध हाताला गार लागेपर्यंत संघप्रिया थांबली. कॉलेजची नळी सोडली. मग कृष्णातचीच नळी मागून घेऊन तीही सोडली, म्हणजे नंतर काचेवर खापर फोडायला नको. दोन्ही नळ्या एकाच जागी थांबल्या.

"वाचा," ती म्हणाली.

कृष्णातनं वाचला. "एकोणतीस."

तेवढ्यात चेअरमन गणपतरावांचा गडी मोठी किटली घेऊन आला. तो रांगेत कधीच उभा राहत नसे. सरळ आत येऊन किटली फळीवर ठेवायचा. कृष्णातनं सवयीनं तिच्यात नळी सोडली. नळी वर ताठ उभी राहिली.

"तीस," तो म्हणाला, आणि संघप्रियाकडं बघून पुढं म्हणाला, "ह्येला म्हणायचं दूध."

संघप्रियानं न विचारता ते दूध दुसऱ्या पात्रात घेतलं, आणि दोन्ही पात्रं तिरकी करून दाराच्या उजेडात धरली. सोनूबाईचं दूध काचेवरून सावकाश उतरलं आणि मागं पांढरा लेप राहिला. चेअरमनचं दूध भरकन उतरलं. काच जवळजवळ स्वच्छ झाली. राहिलं ते निळसर, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.

"रात्री साय काढून घेतली की दूध जड होतं, नळी वर येते," ती म्हणाली. "मग त्यात पाणी घातलं की नळी परत खाली येते. बेतानं घातलं की तीसच्या तीस राहते. नळीला एवढंच कळतं. तिला साय काढलेली कळत नाही. त्यासाठी फॅट बघावी लागते. ते मशीन तिथं आहे. लावा या दुधाची फॅट."

फॅटचं मशीन कोपऱ्यात प्लास्टिकच्या कापडाखाली होतं.

"फॅटला लागतंय ते ॲसिड संपलंय," कृष्णात म्हणाला.

"कधीपासून?"

गडी आपल्या किटलीच्या झाकणाकडं बघत उभा राहिला. संघप्रियाला वाटलं, आता हा माणूस ओशाळेल. आता त्याची मान खाली जाईल, आणि मग पुढचं आपण जरा मऊपणानं बोलू. तो मऊपणाही तिनं मनात तयार ठेवला होता.

कृष्णात स्टुलावरून उतरला. तिच्याजवळ आला. मारवाड्याच्या दुकानात भाव सांगतात तशा शांत, खालच्या आवाजात बोलला.

"म्याडम, सेक्रेटरीचं ट्रेनिंग केलंय मी. तापल्याल्या दुधाला नळी लावायची न्हाई, हे पयल्याच दिवशी शिकवत्यात. साय-पाण्याचं दुसऱ्या दिवशी. मला काय ठावं नसंल असं वाटलं व्हय तुमाला?"

"मग?"

"मग काय? तुमच्या आईनं आपलं पयल्यासारखं मागं उभं ऱ्हावं. दूध आपसूक गार हुतंय, डिग्री आपसूक लागती. कुणालाच तरास न्हाई." आणि मागं वळून मोठ्या आवाजात म्हणाला, "चला, एकोणतीस भरली आज. वता मावशी. बाबासायबाची पोरगी आलीया म्हटल्यावर घ्यायलाच पायजे."

रांग मोकळेपणानं हसली. अडकलेलं काहीतरी सुटावं तसं.

संघप्रिया पात्र हातात धरून उभी राहिली. रात्रभर तिनं या माणसाला मूर्ख समजण्याचं सुख घेतलं होतं. मूर्खाचा तिरस्कार करणं सोपं असतं, कारण त्यात कुठंतरी आशा असते. हा मूर्ख नव्हता. याला उत्प्लावन बळ तिच्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं कळत होतं, आणि ते त्यानं वापरलंही होतं. तिनं रांगेकडं बघितलं. चेअरमनच्या दुधात काय असतं, हे यांतल्या एकालाही आज नव्यानं कळलेलं नव्हतं. बायडाबाईला नाही, मफलरवाल्यांना नाही, शालूबाईला तर नाहीच. अडाणी फक्त ती एकटी होती. पिशवीत काचा घेऊन आलेली.

"व्हय बाई, घेतो म्हणतोय न्हवं, वता की आता," बायडाबाई म्हणाली. "रांग खोळंबलीया."

सोनूबाई पुढं झाली. तिनं आपल्या किटलीवर झाकण बसवलं, तळहातानं ठोकून घट्ट केलं, आणि किटली उचलली.

"काय झालं?" कृष्णातनं विचारलं.

"न्हाई घालत."

"का पर? भरली की डिग्री."

सोनूबाईनं डेअरीच्या मोठ्या कॅनमध्ये वाकून बघितलं. तळाशी थोडं दूध होतं. "ह्यात माजं दूध वतलं तर तुमचं सुदारंल," ती म्हणाली. "मी कशाला सुदारू देऊ?"

आणि ती चालू लागली. गटारावरून जाताना तिनं लुगड्याचा घोळ वर धरला, डेअरीचं दार ओलांडतानाही तसाच धरला होता.

किटली घेऊन पुढच्याच बसनं दोघी कोल्हापूरला आल्या. कंडक्टर म्हणाला, किटलीचं तिकीट लागंल. सोनूबाई म्हणाली, "लाव. ती तुज्यापरास सरळ बसती." राजारामपुरीत घरमालकीण सीताबाई अंगणात निवडण टिपत बसल्या होत्या. सीताबाई शिरोळकडच्या जैन घरातल्या, दिवस मावळल्यावर अन्नाला न शिवणाऱ्या, आणि भाडेकरणीला महिन्यातून एकदा तरी देवधर्माचे चार शब्द सुनावणाऱ्या. संघप्रियाला त्यांचा कंटाळा यायचा. त्यांनी किटलीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि शेर-दोन शेर नाही, सगळंच ठेवून घेतलं.

"अक्का, रोज आणा," त्या सोनूबाईला म्हणाल्या. "पिशवीतलं येतं ते दूध नव्हं. दुधाची नुसती आठवण असतीया ती."

त्यांनी डिग्रीचं काही विचारलं नाही. दूध तापवलं, साय बघितली आणि शेजारच्या दोन घरांना बोलावून दाखवली. शालूबाई तर रोज मंडईत यायचीच. महिन्याभरात तिनंही आपली किटली डेअरीतून काढली आणि भाजीच्या पाटीबरोबर शहरात आणू लागली. तिच्यामागं वस्तीतल्या आणखी चार घरांनी तेच केलं. रोज सकाळी पहिल्या बसला वस्तीतल्या किटल्या चढायच्या. शालूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, की डेअरीत भांडण पहिलं तिनंच काढलं. संघप्रियाच्या कानावर ते आलं. तिनं खोडून काढलं नाही. एवढ्यासाठी तोंड उघडायला तिला कमीपणा वाटला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावी होती, तेव्हा एका सकाळी कृष्णात दारात आला. स्टुलाशिवाय तो फारच बुटका दिसत होता. उंबऱ्याच्या आत तो आला नाही. बाहेरच्या कट्ट्यावर टेकला, तेही एका अंगावर.

"बसा मावशी, उठू नका," तो म्हणाला. सोनूबाई उठली नव्हतीच. "जरा गैरसमज झालता म्हणून आलो. चेअरमननी पाठवलंय. कोल्हापूरच्या मोठ्या डेअरीनं गावाचा कॅन परत धाडलाय. फॅट लागंना म्हणत्यात."

"लागंल कशी?" सोनूबाई म्हणाली.

"तुमच्या वस्तीचं दूध दाट व्हतं, त्यानं भागत व्हतं. तुमी परत चालू करा. बाकीच्या बायाबी तुमचं ऐकत्यात."

संघप्रिया दारात येऊन उभी राहिली. तिला पाहून तो किंचित हसला, पण हसू लगेच आवरलं.

"च्या ठेव गं," सोनूबाई पोरीला म्हणाली. "पावणं आल्यात."

"नको मावशी. आत्ताच घेऊन आलो."

"कुठं घेतलास?"

"घरला."

"घे की थोडा. दुधाचा हाय. पानी न्हाई घातल्यालं."

संघप्रियानं चहा आणला. जाड, पिवळसर, वर सायीचा पापुद्रा धरलेला. त्यानं कप हातात घेतला. रस्त्याकडं बघितलं. डेअरीपुढून दोघं सायकलवाले चालले होते. ते लांब जाईपर्यंत तो कप तसाच धरून बसला. मग तो त्यानं कट्ट्यावर ठेवला आणि बोटं धोतराला पुसली.

"म्हंजे असं हाय," सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आमचं दूध किटलीतनं चालतंय, कपातनं चालत न्हाई."

"तसं न्हाई मावशी."

"तसंच हाय. तू काय लाजू नगंस. तुज्या चेअरमनला सांग, दूध घालतो आमी. ज्याची किटली आदी येईल त्याचा नंबर आदी. मशीनवरचं कापड काढायचं आन् समद्यांची फॅट बघायची. पयली चेअरमनची, आमच्या म्होरं. मग घालतो."

"इचारून सांगतो," कृष्णात उठत म्हणाला.

"इचार."

तो गेला. त्याला सांगायला परत यायचं कारण पडलं नाही. पुढच्या निवडणुकीत गणपतराव बिनविरोध निवडून आले. डेअरीनं लांबच्या एका वाडीतलं दूध आणून कॅन कसाबसा भरता केला, आणि फॅटच्या मशीनवरचं कापड जागचं हललं नाही. गावाला त्याचं काही वाटलं नाही. गावाला एरवीही फारसं काही वाटत नसे.

त्या सकाळी मात्र कृष्णात रस्त्याला लागल्यावर संघप्रिया कट्ट्यावर बसली. तिच्या तोंडावर बरंच काही आलं होतं, आणि ते ऐकायला योग्य माणूस जवळपास नव्हता.

"आई," ती शेवटी म्हणाली, "तुला तेव्हाच माहीत होतं ना? की त्याला सगळं कळतंय?"

"व्हय."

"मग मला का जाऊ दिलंस? काचा घेऊन, रांगेपुढं भाषण करायला?"

सोनूबाईनं कृष्णातनं ठेवलेला कप उचलला. बशीत ओतला, एकदा फुंकला. "शिकल्यालं माणूस सांगून ऐकतंय व्हय?" ती म्हणाली, आणि तो चहा स्वतःच प्यायला लागली. मग बशी खाली ठेवून तिनं विचारलं, म्हशीला नदीवर कोण न्हेणार हाय आज.